आईच्या अंगठ्या

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या. दरवर्षी शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी रांगेत उभं राहताना मला वाटायचं, स्कॉलरशिप म्हणजे चांगलीच गोष्ट. थरगुड मार्शल यांच्याबद्दल वाचलं आणि कळलं, की ती देऊनसुद्धा एखाद्याला दाराबाहेर ठेवता येतं.

मार्शल यांचा जन्म २ जुलै १९०८ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात झाला. त्यांना वकील व्हायचं होतं. मेरीलँड विद्यापीठाचं लॉ स्कूल गावातच होतं, पण तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. म्हणून ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गेले. शिक्षिका असलेल्या आईने आपल्या लग्नाच्या आणि साखरपुड्याच्या अंगठ्यांवर फीचे पैसे उभे केले. तिथे राहणं परवडेना, म्हणून रोज रेल्वेने अप-डाऊन! (आणि आपण मेसच्या भाजीवरून भांडतो.) १९३३ साली ते वर्गात पहिले आले.

दोनच वर्षांनी त्याच मेरीलँडने डोनाल्ड मरे या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला नकार दिला. मार्शल आणि त्यांचे गुरू चार्ल्स ह्यूस्टन कोर्टात उभे राहिले. सरकारी बाजू म्हणे, आम्ही यांना राज्याबाहेर शिकायला शिष्यवृत्ती देतो की! ती किती? २०० डॉलर, आणि अख्ख्या राज्यात फक्त ५०. प्रवास, राहणं-खाणं ज्याचं त्याने बघायचं. शिवाय ज्या राज्यात वकिली करायची, तिथला कायदा शिकायला परराज्यात का जायचं? कोर्टाला ते पटलं. मरेला प्रवेश मिळाला आणि १९३८ मध्ये तो तिथूनच पदवीधर झाला.

पुढचं बहुतेकांना माहीत असेल. १९४० मध्ये मार्शल यांनी एनएएसीपी लीगल डिफेन्स फंड उभारला, १९५४ मध्ये शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धचा ब्राऊन खटला जिंकला. १९६७ मध्ये ते सुप्रीम कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. १९९३ मध्ये ते गेले.

त्यांच्या आणि कॉन्स्टन्स मॉटली यांच्या नावाने याच फंडाने २०२१ साली ५० विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. अट एकच, वकील झाल्यावर किमान आठ वर्षं दक्षिणेकडच्या राज्यांत नागरी हक्कांचे खटले लढवायचे. फी, राहणं, जेवण, सगळं त्यात येतं.