एस. बी. रोडवरचे बापट नेमके कुठले सेनापती?

एस. बी. रोडवर तुम्ही सिग्नलला वैतागला असाल, मॉलमध्ये टाइमपास केला असेल. पण हे सेनापती बापट कोणत्या लढाईचे सेनापती, असं विचारलं तर बहुतेकांची गाडी ‘कोणीतरी क्रांतिकारक’ इथेच थांबते. त्यांना ही पदवी मिळाली मावळातल्या शेतकऱ्यांची घरं आणि भातखाचरं वाचवण्याच्या लढाईत. आणि ती लढाई ते हरले.

पांडुरंग महादेव बापट, जन्म १८८०, पारनेर. डेक्कन कॉलेज, मग स्कॉलरशिपवर एडिंबरो. तिथे इंग्रजी सत्तेविरुद्ध बोलले म्हणून स्कॉलरशिप बंद, मग पॅरिसमध्ये बॉम्ब बनवायचं शिक्षण. वेबसीरिजचा एक सीझन इथेच होईल! भारतात परतल्यावर काही वर्षं भूमिगत, आणि नंतर हाच माणूस पारनेरमध्ये झाडू घेऊन रस्ते साफ करायचा. मला तर बॉम्बपेक्षा हा झाडू महत्त्वाचा वाटतो.

१९२०च्या सुमारास टाटांच्या कंपनीने मुळशीत मुळा-निळा संगमावर धरण बांधायला घेतलं. वीज मुंबईला, पाण्याखाली पन्नासहून जास्त गावं.

ती घरं कशी होती? कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचं लिंपण, वर गवताने शाकारलेलं छप्पर. सामान रानातलं, मेहनत घरच्यांची आणि शेजाऱ्यांची. रोख पैसा फारसा लागायचाच नाही. म्हणजे रुपयांत मोजायला बसलं की असं घर अगदी स्वस्तात निघणार. त्यात बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्यातल्या सावकारांच्या. मोबदला आला तरी तो आधी कोणाकडे जाणार, हे तुम्हीच ओळखा.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबलं, पण काही काळच. विनायकराव भुस्कुटे आणि बापट गावोगाव फिरत राहिले. बापट तुरुंगात गेले, सुटले, पुन्हा गेले. इकडे सावकार मोबदला घ्यायला तयार झाले आणि पाठिंबा देणाऱ्यांत फूट पडली. शेवटी बापटांनी हत्यार हातात घेऊन रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. याला सत्याग्रह म्हणायचं का, यावर कॅन्टीनमध्ये खुशाल वाद घाला. १९३१मध्ये ते सुटले तेव्हा धरण भरलेलं होतं.

मुळशीला लागून वेल्हे (म्हणजे आताचा राजगड तालुका) आणि त्यापुढे भोर. तिथेही हेच घडत गेलं. भोरचं भाटघर तर मुळशीच्याच काळातलं. नंतर वेल्ह्यात पानशेत, वरसगाव, गुंजवणी आणि भोरमध्ये नीरा देवघर.

बापट मात्र थांबले नाहीत. १५ ऑगस्ट १९४७ला पुण्यात तिरंगा त्यांच्या हातून फडकला. पुढे गोवा मुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनांतही हे आजोबा होतेच. २८ नोव्हेंबर १९६७ला ते गेले. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ साली, मुळशीनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी.

आज घरकुल योजनेत किमान २५ चौरस मीटरचं पक्कं घर बांधायला अनुदान मिळतं. पण घर बांधायला आधी जागा हवी, तीही हक्काची. दुसऱ्याच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कातकरी कुटुंबांचं घोडं इथेच अडतं.

उन्हाळ्यात भाटघरचं पाणी उतरलं की वेळवंडचं कांबरेश्वर मंदिर उघडं पडतं आणि रील काढायला गर्दी होते. दगडाचं मंदिर दरवर्षी वर येतं, शेणमातीचे कूड काही वर येत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात गेलात तर गावातल्या एखाद्या आजीला विचारा, जुनी घरं नेमकी कुठे होती.