दोन हजेऱ्या

दिवस मावळू लागला की गावच्या चावडीपुढे माणसांची रांग उभी राही. दिवसभर राबून दमलेला गडी घरी जाऊन भाकरी खाण्यापूर्वी येथे येई. एकेकाचे नाव पुकारले जाई आणि ज्याचे नाव निघेल त्याने आपण गावातच आहोत हे दाखवावयाचे, असा नियम होता. परगावी बहिणीच्या घरचे लग्न असो की कोणी आजारी पडलेले असो, परवानगीवाचून त्याला गाव सोडता येत नसे. या माणसांच्या हातून काही गुन्हा घडला होता असे मुळीच नव्हे. महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींत त्यांचा जन्म झाला होता, एवढाच त्यांचा अपराध! बापाची हजेरी पुढे मुलाच्या माथी येई.

चावडीवरची ही हजेरी ज्यांनी आपल्या राज्यातून उठविली, आणि त्याच सुमारास अगदी निराळ्या प्रकारची दुसरी हजेरी सुरू केली, ते राजे म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती होत.

शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळचे नाव यशवंतराव. कोल्हापूरची गादी रिकामी झाली तेव्हा राणी आनंदीबाईंनी 17 मार्च 1884 रोजी त्यांना दत्तक घेतले आणि दहा वर्षांचाही न झालेला हा मुलगा छत्रपती झाला. राजकोट व धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. 2 एप्रिल 1894 रोजी राज्याचा कारभार त्यांनी हाती घेतला, तेव्हा त्यांना विसावे वर्ष सरावयाचे होते. देह धिप्पाड, कुस्तीची आणि शिकारीची विलक्षण आवड. कोल्हापुरातील खासबागेचे कुस्ती-मैदान ही त्यांचीच आठवण.

कारभार हाती येऊन दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच दुष्काळ आणि प्लेग ही दोन संकटे राज्यावर कोसळली. या दिवसांत महाराज गावोगाव हिंडले. प्रजेचे दैन्य त्यांनी जवळून पाहिले आणि एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की ठसली. दरबारात आणि कचेऱ्यांत जे बसत होते, त्यांच्यात आणि उन्हातान्हात राबणाऱ्यांत फार मोठे अंतर होते. शिकलेला वर्ग लहान, आणि नोकऱ्या सगळ्या त्याच्याच हाती. 1902 साली महाराज विलायतेस गेले होते. तेथे असतानाच 26 जुलै रोजी त्यांचा एक हुकूम कोल्हापुरात प्रसिद्ध झाला. पुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निदान 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना द्याव्यात, असा तो हुकूम होता. त्याने मोठी खळबळ उडाली.

परंतु जागा राखून ठेवल्या तरी त्या भरावयाला शिकलेली माणसे हवीत. म्हणून महाराजांनी निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडविली. 1908 साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. जैन वसतिगृहात राहून गेलेल्या एका विद्यार्थ्याने पुढे 1919 साली सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

तरीही वसतिगृहात येणारी मुले ती किती? खेड्यातील बहुसंख्य मुले गुरांमागे किंवा शेतात. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे म्हणून गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 साली इंग्रज सरकारच्या कायदे कौन्सिलात विधेयक मांडले होते. पण पुढील वर्षी ते फेटाळले गेले. एवढ्या मोठ्या सरकारला जे नको होते ते कोल्हापूरच्या लहानशा राज्याने 1917 साली केले. सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेत घातलेच पाहिजे, शिक्षणाला फी पडणार नाही, आणि मुलाला न धाडणाऱ्या आईबापांना दरमहा एक रुपया दंड होईल, असा तो कायदा होता. त्या काळी रुपया म्हणजे गरिबाच्या घरी लहान रक्कम नव्हे! या कामासाठी वर्षाला एक लाख रुपये खर्च करण्याचे ठरले. 1918 साली करवीर पेट्यातील चिखली येथे या योजनेतील पहिली शाळा उघडली. जेथे इमारत नसेल तेथे देवळात, धर्मशाळेत किंवा चावडीत शाळा भरवावी, अशी सोय होती.

चावडीत शाळा! परंतु त्याच चावडीसमोर संध्याकाळी बापाला हजेरी द्यावी लागत असेल, तर मुलाने सकाळी शिकलेल्या अक्षरांना काय अर्थ उरला? 1918 सालीच महाराजांनी त्या हजेरीलाही हात घातला आणि महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी आपल्या राज्यात बंद केली.

हे धाडस किती मोठे होते हे समजण्यासाठी त्या काळच्या कायद्याकडे पाहावे लागते. इंग्रज सरकारने 1871 साली एक कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. 1911 पासून तो सर्व इंग्रजी मुलखात लागू झाला. त्या जमातींच्या नावांची नोंद पोलिसांच्या दप्तरी होई. सोलापुरात तर अशा कुटुंबांची वसाहत तारेच्या कुंपणात होती. ज्याच्या नावावर असा शिक्का बसला त्याला काम कोण देणार? काम नाही म्हणून पोट उपाशी, पोटासाठी कधी चोरी, आणि चोरी सापडली की शिक्का खरा ठरला! महाराजांनी हे चक्र उलट दिशेने फिरविले. फासेपारधी लोकांना पकडून कोंडण्याऐवजी त्यांनी कोल्हापूरजवळ सोनतळी येथे वसविले आणि ज्यांना लोक चोर म्हणत त्यांनाच पहारेकऱ्याचे काम दिले.

त्याच वर्षी महार वतनाची चालही त्यांनी मोडली. लहानशा सामाईक जमिनीच्या मोबदल्यात सगळ्या महारांनी गावकीची पडेल ती कामे करावीत, अशी ती चाल होती. ही जमीन त्यांच्या स्वतःच्या मालकीची झाली. 1919 साली सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने यांत शिवाशिव पाळू नये असे हुकूम निघाले. अस्पृश्यांसाठी असलेल्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत घेण्यात आली.

कायद्याने विहीर खुली होते. मनातील अढी तेवढ्याने जात नाही. हे महाराज ओळखून होते. गंगाराम कांबळे या नावाचा एक नोकर वाड्यावर होता. पाण्याला शिवल्याबद्दल त्याला मार बसला, तेव्हा महाराजांनी त्याला कोल्हापुरात चहाचे दुकान काढून दिले. पण त्याच्या हातचा चहा घेणार कोण? स्वतः महाराज आपली गाडी भर रस्त्यात त्या दुकानासमोर थांबवीत आणि सर्वांच्या देखत चहा पीत. जे हुकुमाने साधले नसते ते काही अंशी या चहाने साधले.

1920 साली कागलजवळ माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण डॉक्टर भीमराव आंबेडकर. महाराज तेथे मुद्दाम गेले आणि हाच तुमचा खरा पुढारी असे त्यांनी लोकांना सांगितले.

मात्र राजाचा हुकूम राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतो. कोल्हापूरच्या पूर्वेचा, आज सांगली जिल्ह्यात असलेला मुलूख त्या काळी सांगली, मिरज, जत अशी संस्थाने आणि इंग्रजी अंमलाखालील तालुके यांत विभागलेला होता. मिरजेहून कवठे महांकाळच्या बाजूने जतकडे निघालेला वाटसरू वाटेत एकाहून अधिक सरकारांच्या हद्दी ओलांडी. माती तीच, बोली तीच. कायदा मात्र निराळा. रात्री कोठे मुक्काम करावा याची कोणाला मोकळीक होती आणि कोणाला नव्हती, हे त्या त्या हद्दीवर अवलंबून असे.

6 मे 1922 रोजी मुंबई येथे शाहू महाराजांचे निधन झाले. तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचेही नव्हते. इंग्रजांनी केलेला गुन्हेगार जमातींचा कायदा त्यांच्यानंतरही तीस वर्षे टिकला. देश स्वतंत्र झाल्यावर 1952 साली तो रद्द झाला. 1918 साली सातव्या वर्षी कोल्हापूरच्या राज्यात शाळेत हजेरी देऊ लागलेली मुले तोवर चाळिशी ओलांडून गेली होती.