गल्लीबोळांतल्या मोटारीचे जनक शेठ वालचंद

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सीची कुळकथा सोलापूरच्या एका उद्योजकापर्यंत जाऊन पोहोचते. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या गुजराती जैन कुटुंबात झाला. वडिलोपार्जित पेढीत न रमता त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेतली. १९१९ मध्ये सिंधिया कंपनीच्या उभारणीत पुढाकार घेऊन त्यांनी ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान दिले, तर १९४० मध्ये बंगळूरला म्हैसूर संस्थानाच्या साह्याने विमानांचा कारखाना उभारला.

मोटारीचे स्वप्न मात्र सहजासहजी फळाला आले नाही. सर विश्वेश्वरय्या यांनी मोटार कारखान्याची योजना मांडली होती. ती उचलून धरत वालचंदांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. पण परकीय सरकारने पाठबळ नाकारले. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. डॉज, प्लिमथ या त्या ऐसपैस अमेरिकी गाड्या बंगल्यांच्या पोर्चमध्ये शोभत. गिरगावच्या वाड्यांत किंवा लालबाग-परळच्या चाळींपुढे त्या मावणे कठीण होते.

ही उणीव भरून निघाली ती इटलीच्या फियाट कंपनीशी झालेल्या सहकार्यामुळे. आधी चिमुकली फियाट ५०० आणि १९५४ पासून फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली. या गोलसर गाडीचे मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे बारसे केले. पुढे याच वंशातली, जेमतेम चार मीटर लांबीची पद्मिनी शहराची टॅक्सी बनली. अरुंद रस्त्यावर सहज वळणारी आणि फुटपाथच्या कडेला थोड्याशा जागेत उभी राहणारी ही गाडी मध्यमवर्गीयांनाही आपली वाटली.

हे यश पाहायला वालचंद उरले नव्हते. पक्षाघातामुळे १९५० मध्ये ते कारभारातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. मोटार याच शहरात घडू शकते, हे वालचंदांनी सिद्ध केले. ती उभी कोठे करायची, या प्रश्नाचे उत्तर मात्र दादर-गिरगावचे रहिवासी आजही रोज रात्री शोधत असतात.