‘प्रोफेसर’ जेरी थॉमसचा हिशेब

मिश्र मद्यपेयांच्या कृतींचे पहिले अमेरिकन पुस्तक १८६२ साली न्यूयॉर्कला निघाले. ते लिहिणारा जेरी थॉमस हाडाचा बारटेंडर होता. तोवर हा धंदा सगळा तोंडी चाले. उस्तादाने सांगावे, चेल्याने लक्षात ठेवावे. आपल्याकडे गोड्या मसाल्याचे प्रमाण सासूकडून सुनेकडे जाई तसे. थॉमसने ही गुपिते सरळ छापून टाकली.

जन्म १८३०चा, न्यूयॉर्क राज्यातल्या सॅकेट्स हार्बरचा. न्यू हेवनला उमेदवारी करून १८४९च्या सुमारास त्याने कॅलिफोर्निया गाठले. तिथे सोन्यासाठी झुंबड उडाली होती. पुढे सेंट लुई, शिकागो, न्यू ऑर्लिन्स असे पाणी पीत, म्हणजे इतरांना पाजत, तो हिंडला. हातात चांदीची उपकरणे, मनगटापुढे किडच्या चामड्याचे हातमोजे. पेटलेली व्हिस्की एका मगातून दुसऱ्यात ओतली की ज्वाळेची धार दिसे. आपला उडुपी हॉटेलवाला हातभर लांबून कॉफी ओततो, तसेच; फक्त जाळासकट! नवशिक्याने आधी थंड पाण्यावर हात बसवावा, अशी सूचना मात्र त्याने पुस्तकात आवर्जून दिली.

सॅन फ्रान्सिस्कोत त्याला आठवड्याला शंभर डॉलर मिळत, उपाध्यक्षांपेक्षाही जास्त, असे सांगतात. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. वर्षाचे ५,२०० डॉलर होतात. उपाध्यक्षांचा पगार तेव्हा ८,००० होता. आख्यायिका गोड असतात, पण ताळेबंदात बसत नाहीत.

पुस्तकाची सुरुवात पंचने होते. हा शब्द आपल्या ‘पाच’वरून गेला असे बहुतेक मानतात : मद्य, साखर, लिंबू, पाणी, मसाला. घरी पाहुणे जमले की मोठ्या भांड्यात करायचे हे पेय. कॉकटेल हा मात्र तेव्हा एक छोटासा विभाग होता, आणि पेले गोड, ब्रँडीचे. मग फ्रान्सच्या द्राक्षबागांवर फायलोक्सेरा ही कीड पडली, ब्रँडी दुर्मीळ झाली आणि तिच्या जागी व्हिस्की आली. जिभेची आवड बदलते असे आपण म्हणतो; पुष्कळदा आधी बाजारातला माल बदललेला असतो.

१८६६ साली ब्रॉडवेवर थाटलेला त्याचा बार भिंतीवरच्या व्यंगचित्रांसाठीही प्रसिद्ध होता. भोपळे वाढवण्याचा त्याला नाद होता. दुसरा नाद महागात पडला : वॉल स्ट्रीट. ग्लासात थेंब मोजणारा हा माणूस शेअर्समध्ये अंदाजाने खेळला आणि बुडाला. असे कसबी लोक काउंटरपलीकडून मी बरेच पाहिले आहेत. आपल्या कामात अचूक असलेल्याला सगळेच कळते असे वाटू लागते. बार विकावा लागला, चित्रांचा लिलाव झाला. नवा बार काढला, तो चालला नाही. १८८५ साली पक्षाघाताने तो गेला, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी.

दोन वर्षांनी पुस्तकाची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात मार्टिनेझ नावाचे पेय आहे, मार्टिनीचे पूर्वज म्हणतात ते. त्यात गोडसर जिनच्या दुप्पट व्हर्मूथ. आज कोरडी मार्टिनी मागणारा तेच व्हर्मूथ थेंबाने घेतो.