चक्रीवादळास नाव देणारे हेन्री पिडिंग्टन

विद्यार्थ्यांनो, ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि आपल्या नागावकडील नारळी-पोफळीच्या कित्येक वाड्या आडव्या झाल्या. अशा वादळास ‘सायक्लोन’ हे नाव ज्यांनी दिले, त्या सत्पुरुषाचे चरित्र आपणांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

हेन्री पिडिंग्टन ह्यांचा जन्म १७९७ साली इंग्लंडातील ससेक्स परगण्यात झाला. तारुण्यात त्यांनी समुद्रावर नोकरी केली व पुढे ते बंगाल्यात स्थायिक झाले. वादळे वर्तुळाकार फिरतात, असे रेडफील्ड व रीड ह्या विद्वानांनी दाखविले होते. पिडिंग्टन ह्यांनी १८३९ पासून वादळात सापडलेल्या जहाजांच्या रोजनिश्या मिळवून बंगालच्या उपसागरातील वाऱ्यांच्या दिशा नकाशावर मांडिल्या. सर्पाच्या वेटोळ्याचा बोध करून देणाऱ्या ग्रीक शब्दावरून त्यांनी ‘सायक्लोन’ हे नाव योजिले. १८४८ साली त्यांनी खलाशांकरिता ग्रंथ लिहिला व सोबत शिंगाच्या पारदर्शक चकत्या दिल्या. त्या नकाशावर ठेविल्या असता वादळाचा मध्य कोठे आहे, हे कळे.

वादळाचा जन्म कसा होतो, हे कोडे मात्र त्या काळी पुरते सुटले नव्हते. ऊन समुद्रावरील बाष्प वर चढते, थिजते व उष्णता सोडते. त्यायोगे हवेचा दाब घटतो, आणि भोवतालचा वारा आत धावताना पृथ्वीच्या परिवलनामुळे फिरू लागतो. ‘निसर्ग’ १ जूनला अरबी समुद्रात कमी दाबाच्या क्षेत्ररूपाने जन्मला, २ जूनला चक्रीवादळ झाला, ३ जूनला भर जोमात किनाऱ्यास लागला. जमिनीवर बाष्पाचा पुरवठा तुटून दुसऱ्याच दिवशी तो क्षीण झाला.

१८५३ साली मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचा बेत निघाला, तेव्हा वादळाबरोबर चढणारे समुद्राचे पाणी ते बुडवील, असे पिडिंग्टन ह्यांनी गव्हर्नर-जनरल डलहौसी ह्यांस पत्राने कळविले. ते कोणी मानिले नाही. १८५८ साली कलकत्त्यास त्यांचा अंत झाला. कॅनिंग बंदर उभे राहिले आणि १८६७ च्या वादळाने उद्ध्वस्त झाले.

‘निसर्ग’च्या वेळी इशारा ऐकून किनाऱ्यावरील हजारो लोकांस आधीच सुरक्षित स्थळी हलविले, म्हणून पुष्कळ प्राण वाचले. ज्ञान मिळविणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते वेळीच ऐकणेही महत्त्वाचे, हाच ह्या चरित्राचा बोध होय.