आजचे चिंतन : दासगणू महाराजांनी नोकरी कशी सोडली

आजचे वाचन : ईशावास्य उपनिषद, मंत्र १ आणि २.

जेमतेम अठरा मंत्रांचं हे उपनिषद. पहिल्या मंत्रात ऋषी सांगतात की या जगात जे जे काही आहे ते ईश्वराने व्यापलेलं आहे. म्हणून त्यागाने भोग घ्यावा, कुणाच्या धनाची हाव धरू नये. आणि लगेच दुसऱ्या मंत्रात सांगतात की माणसाने कर्म करत करतच शंभर वर्षं जगायची इच्छा धरावी. एका मंत्रात सोड, दुसऱ्यात करत राहा. आजवर मी हे दोन मंत्र म्हणून पुढे जात होतो. या महिन्यात मात्र इथेच अडकलो.

कारण सांगतो. सन २००१ मध्ये मी सरकारी नोकरीला लागलो, हे लिहिताना १७ वर्षं झाली आहेत. खातं कोणतं, कचेरी कुठली, ते सांगत नाही. न्हावऱ्याच्या वस्तीवरून रोज सकाळी गाडी काढायची, दोन जागांचा चार्ज सांभाळायचा, आणि संध्याकाळी काय केलं हे सांगता येत नाही असं तोंड घेऊन घरी यायचं. एका कागदासाठी म्हातारं माणूस पाच-पाच खेपा घालतं. कागद मी तयार करून ठेवलेला असतो, पण वरची सही होत नाही, आणि शिव्या मात्र मला. त्यात गेल्या महिन्यात एक जुनी नोंदवही सापडेना. ती माझ्याआधीच्या माणसाच्या काळातली. पण चार्ज घेताना मी यादीवर डोळे झाकून सही केली होती, म्हणून कारणे दाखवा नोटीस माझ्या नावाने निघाली.

त्या रात्री मी राजीनामा लिहिला. घरात कुणाला दिसू नये म्हणून तो आईच्या गजानन विजय पोथीत ठेवला. मूर्खपणाच म्हणायचा, कारण आई दर गुरुवारी ती पोथी वाचते. गुरुवारी कागद तिच्या हाती लागला. ती मला काही बोलली नाही. वाचून घडी घातली, होता तिथेच ठेवला आणि अध्याय पुढे चालू केला.

मला काही सुचेना म्हणून मीही ती पोथी हातात घेतली. लहानपणापासून घरात आहे, पण लिहिणाऱ्याचं नाव कधी नीट पाहिलं नव्हतं. दासगणू. मग त्यांचं चरित्र शोधून वाचलं, आणि कळलं की हे तर आपल्याच भागात पोलिसात शिपाई होते! सरकारी नोकरी सोडून संतचरित्रकार झालेला माणूस. आज त्यांचीच गोष्ट सांगतो.

दासगणू महाराजांचं मूळ नाव गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे. जन्म ६ जानेवारी १८६८, नगरजवळच्या अकोळनेरचा. शिक्षण फारसं झालं नाही. घरच्या कुरबुरीतून बाहेर पडले आणि नगर जिल्ह्यात पोलिसात भरती झाले. श्रीगोंद्याला त्यांची नेमणूक होती असं चरित्रात येतं. न्हावऱ्याहून इनामगाव, पुढे घोड नदी ओलांडली की काष्टी आणि मग श्रीगोंदा. माझी बहीण तिकडेच दिली आहे, त्यामुळे हा रस्ता माझ्या पायाखालचा. त्या रस्त्याने कधी काळी हा मनुष्य पट्टा आवळून फिरला असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

तेव्हाचे गणपतराव काही साधुसंत नव्हते. तमाशाचा नाद होता. लावण्या रचायचे, उभ्या उभ्या कवनं जुळवायचे, फडात उभे राहायचे. आणि मनात एकच आस: फौजदार व्हायचं. शिपायाचा फौजदार होणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

नगरच्या कलेक्टरांकडे नानासाहेब चांदोरकर नावाचे अधिकारी होते. विद्वान गृहस्थ, गीतेचा अभ्यास केलेले, शिर्डीच्या साईबाबांचे भक्त. त्यांच्या दिमतीला हे शिपाई म्हणून जायचे. अशा साहेबाबरोबरच्या ड्युटीतच त्यांना शिर्डी घडली. सुरुवातीला भक्ती वगैरे काही नव्हती, साहेब नेतो म्हणून जायचं. पण बाबांनी या शिपायात काहीतरी पाहिलं असावं. नोकरी सोड, असं ते त्यांना पुन्हा पुन्हा सांगू लागले. आणि गणपतराव पुन्हा पुन्हा मुदत मागू लागले. एकदा फौजदार होऊ द्या, मग सोडतो.

पुढचं वाचताना मला हसूही आलं आणि लाजही वाटली. त्या वेळी कान्हा भिल्ल नावाच्या दरोडेखोराने मुलखात धुमाकूळ घातला होता. त्याला पकडायला पोलीस वेष पालटून फिरत होते. गणपतराव रामदासी बनले आणि एका गावच्या राममंदिरात तळ देऊन बसले. कान्ह्याला संशय आला, तो माणसं घेऊन देवळात शिरला. मरण समोर उभं राहिलं तेव्हा यांनी रामाच्या मूर्तीला मिठी मारली आणि मनातल्या मनात शब्द दिला की यातून वाचलो तर नोकरी सोडीन. कान्ह्याने त्यांना जिवंत सोडलं. जीव वाचला, भीती ओसरली आणि शब्दही ओसरला. फौजदारीचं स्वप्न पुन्हा डोळ्यांपुढे. असे नवस त्यांनी एकदा नाही, अनेकदा केले आणि मोडले. पुढे पुढे तर बाबांची गाठ पडायला नको म्हणून शिर्डी टाळून जायलाही त्यांनी कमी केलं नाही, असं चरित्रकार लिहितात.

शेवटी गाठ पडली ती एका किरकोळ रकमेशी. ठाण्यात दंडाची रक्कम जमा झाली होती, ती हाताखालच्या एकाने खाल्ली, आणि जबाबदारी गणपतरावांवर आली. पैसा खाल्ला दुसऱ्याने, चौकशी यांची. हे वाचताना माझी ती नोंदवही आठवली, हे वेगळं सांगायला नको. फौजदारी राहिली बाजूला, आता बेअब्रू होऊन जायची वेळ. त्यांनी पुन्हा एकदा बाबांना शब्द दिला. आरोपातून ते सुटले.

आणि या खेपेला त्यांनी शब्द पाळला. साधारण १९०३ सालची गोष्ट. वय ३५.

मंडळी, इथे मी बराच वेळ थांबलो. चौकशी अंगावर होती तेव्हा ते पळून गेले नाहीत. नाव साफ झालं, आता कुणीही काढत नव्हतं, पुन्हा बढतीच्या रांगेत उभं राहता आलं असतं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. इतकी वर्षं त्यांना नोकरीशी बांधून ठेवलं होतं ते फौजदारीच्या हावेने. ती गळाली आणि मग नोकरी सुटली. पहिल्या मंत्रातली हाव धरू नये ही ताकीद इथे कळते.

पुढे पोटाचं काय, ही काळजी त्यांनाही होती. घरी पत्नी होती. अन्नाला कमी पडणार नाही असा बाबांनी भरवसा दिला, आणि ते नांदेडकडे, तेव्हाच्या निजामाच्या मुलखात जाऊन राहिले. कीर्तन करू लागले, पण बिदागी मागायची नाही. लावणीत घासलेली तीच लेखणी संतचरित्रांकडे वळली. भक्तलीलामृत, संतकथामृत, साईनाथ स्तवनमंजरी, आणि १९३९ साली शेगावच्या महाराजांवर २१ अध्यायांची गजानन विजय, जी माझ्या आईच्या हातात आहे. गुण जुनाच होता, नोकरीत असतानाही होता. सोडल्यावर काय करायचं हे देवाने आधीच हातात देऊन ठेवलं होतं.

एक प्रसंग साईसच्चरितात आहे. दासगणू एकदा कीर्तनाला निघाले ते अंगरखा, उपरणं, फेटा असा सगळा थाट करून. बाबांनी थट्टेनेच विचारलं की नवरदेवासारखा सजून कुठे निघालास, आणि ते सगळं उतरवायला लावलं. तेव्हापासून उघड्या अंगाने, गळ्यात हार आणि हातात चिपळ्या, एवढ्यावरच त्यांची कीर्तनं झाली. पोलिसाचा पोशाख सुटला होता, पण मान मिरवायची सवय दुसऱ्या पोशाखात येऊन बसली होती. तीही उतरवावी लागली.

आणखी एक गंमत पाहा. ठाण्याला कौपीनेश्वराच्या देवळात त्यांचं कीर्तन होतं. ऐकायला चोळकर नावाचे गृहस्थ बसले होते. दिवाणी कोर्टात उमेदवार, गरीब, घरी खाणारी तोंडं बरीच. त्यांनी तिथेच बाबांना नवस केला की खात्याची परीक्षा पास होऊन नोकरी कायम झाली तर शिर्डीला येऊन खडीसाखर वाटीन. ते पास झाले, कायम झाले, आणि शिर्डीला जाण्याइतके पैसे साठेपर्यंत बिनसाखरेचा चहा प्यायले. म्हणजे नोकरी सोडलेल्या माणसाचं कीर्तन ऐकून एकाने नोकरी मागितली, आणि देवाने ती दिली! चांदोरकरांचंही तसंच. त्यांची जामनेरला, पंढरपूरला बदली झाली, मामलेदारीची दगदग झाली, पण नोकरी सोड असा हुकूम बाबांनी त्यांना केल्याचं माझ्या वाचनात नाही. शिपायाला सोडायला लावलं, साहेबाला त्याच खुर्चीत भक्ती शिकवली, उमेदवाराला कायम केलं. गुरु एकच. तेव्हा दासगणूंनी सोडली म्हणून मीही सोडावी, असा हिशोब लागत नाही.

आता आजच्या मंत्रांकडे येतो. पुढे दासगणू याच ईशावास्यावर ओवीबद्ध टीका लिहायला बसले आणि अडले. हो, तेही इथेच अडले होते! बाबांनी सांगितलं की पार्ल्याला काकासाहेब दीक्षितांकडची मोलकरीण तुझी शंका फेडेल. लोक हसले असतील. दासगणू मात्र गेले. सकाळी एक पोर भांडी घासत गाणं म्हणत होती, नारिंगी साडी किती छान म्हणून. अंगावर फाटकं फडकं. त्यांना दया आली, मोरेश्वर प्रधानांना सांगून तिला नवी साडी देवविली. दुसऱ्या दिवशी ती नेसून आली, फुगड्या घातल्या. तिसऱ्या दिवशी साडी घरी ठेवून पुन्हा तेच फडकं, आणि आनंद तोच. दासगणूंची गाठ सुटली. भोगात आणि अभावात जो सारखा राहतो त्याचा त्याग झालेलाच असतो. फडकं टाकून दिलं काय आणि नेसलं काय.

मी स्वतःला विचारलं, ही नोकरी मला फडक्यासारखी नेसता येते का? नाही येत. सोडली तर आनंदात राहीन का? खरं सांगतो, एक कोरा कागद घेतला आणि राजीनाम्यानंतर काय करणार हे लिहायला बसलो. अर्धा तास गेला, कागद कोराच. दासगणूंकडे कीर्तन होतं. माझ्याकडे फक्त चीड होती. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंत म्हणतात की कष्टाच्या भीतीने, त्रास होतो म्हणून कर्म टाकलं तर तो राजस त्याग, त्याला त्यागाचं फळ नाही. माझा राजीनामा नेमका त्या जातीचा होता.

व्यवहारही पाहिला. स्वेच्छानिवृत्तीला २० वर्षं सेवा लागते. त्याआधी राजीनामा दिला तर मागची सेवा पेन्शनला धरत नाहीत. तीन वर्षं राहिलीत. पण पेन्शनसाठी दात-ओठ खात तीन वर्षं काढायची, तर तीही फौजदारीच झाली, माझी.

मग ठरवलं ते एवढंच. आधी नोटिशीचं उत्तर. यादी न तपासता सही केली ही माझी चूक मी कबूल करणार, नोंदवही हरवली ती माझ्या काळात नाही हेही कागदांनिशी मांडणार. नाव साफ होईपर्यंत सोडण्याचा विषय नाही. तोवर तो कोरा कागद देवापुढे ठेवलाय. त्यावर काही उमटलं, आणि त्या वेळी मनात कुणाबद्दल राग नसला, तर पेन्शनचा हिशोब न करता सोडीन. नाही उमटलं, तर दुसरा मंत्र आहेच, करत राहा.

काल आईला हे सांगितलं. तिने पोथीतून राजीनामा काढून माझ्या हातात दिला आणि चहा ठेवायला उठली. मी तो फाडला नाही. त्या कोऱ्या कागदाखाली ठेवला.

आजचा नेम : तुमचीही नोकरी किंवा दुसरं काही नकोसं झालं असेल, तर आज एकच प्रश्न स्वतःला विचारा. मी धरून बसलोय ते कशाच्या हावेने, आणि सोडू पाहतोय ते कशाच्या भीतीने? उत्तर कुणाला दाखवू नका. दासगणू महाराजांनी २६ नोव्हेंबर १९६२ ला पंढरपुरात देह ठेवला. नोकरी सुटल्यावर देवाने त्यांच्याकडून ५९ वर्षं काम करून घेतलं. घाई त्याला नव्हती, आपल्यालाच असते.

प्रार्थना : देवा, सोडायचं असेल तर हाव आधी सोडव. राहायचं असेल तर उद्या सकाळी त्या म्हाताऱ्या माणसाशी गोड बोलायची बुद्धी दे.

राम कृष्ण हरी.