विश्लेषण : गावच्या ‘पीएचसी’चा आराखडा आखणारे नाशिकचे जोसेफ भोर कोण होते?

मुखेड तालुक्यात मुक्रमाबाद किंवा बाऱ्हाळी परिसरात लेकराला ताप आला, की आईबाप आधी प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट धरतात. केसपेपर, गोळ्या, लसीकरण, बाळंतपण असे सगळे एकाच छताखाली असावे, ही कल्पना मांडणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉक्टर नव्हते. ते सनदी अधिकारी होते आणि जन्माने नाशिकचे.

कोण होते भोर?

जोसेफ विल्यम भोर यांचा जन्म 1878 मध्ये नाशिकला झाला. पुण्यात आणि पुढे लंडनमध्ये शिकून 1902 मध्ये ते आयसीएस झाले. मद्रास इलाख्यात नोकरी, 1914 ते 1919 कोचीन संस्थानचे दिवाण, काही काळ लंडनमध्ये भारताचे हंगामी उच्चायुक्त, मग व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात व्यापार आणि रेल्वे खाते. कारकीर्द मोठी, पण हे सगळे आज कोणाच्या लक्षात नाही. लक्षात राहिली ती निवृत्तीनंतरची कामगिरी.

समितीला काय आढळले?

दुसरे महायुद्ध सुरू असताना, ऑक्टोबर 1943 मध्ये, सरकारने आरोग्य पाहणी व विकास समिती नेमली. अध्यक्ष भोर. 1946 मध्ये चार खंडांचा अहवाल आला. त्यातले आकडे आजही अंगावर येतात. जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 162 वर्षभरात दगावत. साधारण 6,300 माणसांमागे एक डॉक्टर होता आणि तोही बहुधा शहरात. रुग्णालयातील खाटा दर हजार लोकांमागे 0.24, म्हणजे चार हजार माणसांना एक खाट. त्याच वेळी इंग्लंडमध्ये हजारामागे सात खाटा होत्या.

भोर यांनी या रोगराईचे खापर लोकांच्या अडाणीपणावर फोडले नाही. शुद्ध पाणी नाही, पोटभर अन्न नाही, दवाखाना दूर आणि खिशात पैसा नाही, ही कारणे समितीने मांडली. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये, हे सूत्र त्यातूनच आले.

योजना काय होती?

लगेच करायचे काम म्हणून 40 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवले गेले. तिथे दोन डॉक्टर, आरोग्य परिचारिका, सुईणी आणि प्रशिक्षित दाया. उपचार एका खात्याकडे आणि साथरोग प्रतिबंध दुसऱ्याकडे, ही फाळणी समितीला मान्य नव्हती. दीर्घ पल्ल्याची योजना तर फारच मोठी होती. 10 ते 20 हजार लोकांमागे 75 खाटांचे रुग्णालय, त्यावर मधल्या पातळीवर 650 खाटांचे आणि जिल्ह्याला 2,500 खाटांचे. गावोगावी आरोग्य समित्या असाव्यात, असेही अहवालात होते.

मुखेडपर्यंत काय पोहोचले?

समितीची पाहणी ब्रिटिश हिंदुस्थानापुरती होती. मुखेड तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे इथले हाल त्या आकड्यांत धरलेलेच नाहीत. 1948 मध्ये हैदराबाद मुक्त झाले. 2 ऑक्टोबर 1952 रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्यासोबत प्राथमिक आरोग्य केंद्रेही आली. नांदेड जिल्हा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला. 1 मे 1962 पासून राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि खेड्यातली ही केंद्रे त्यांच्या अखत्यारीत आली.

म्हणजे सांगाडा भोर यांचा, पण अंगावर मांस कमी. लोकसंख्येचा निकष पुढे भोर यांच्याहूनही बरा झाला. सपाट भागात 30 हजारांमागे एक केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र ठरले. खाटा मात्र चार ते सहाच राहिल्या. कुठे 75 आणि कुठे सहा! अडलेल्या बाळंतिणीला केंद्रातून तालुक्याला आणि तिथूनही नांदेड किंवा लातूरला हलवावे लागते, त्याचे मूळ इथे आहे. इमारत आणि पाटी तुलनेने स्वस्तात होते. खरा खर्च खाटा, भूलतज्ज्ञ, रक्ताची सोय आणि मुक्कामी राहणाऱ्या डॉक्टरांवर आहे, आणि नेमका तोच भाग पुढच्या योजनेवर ढकलला गेला.

गाव समित्यांची कल्पना मात्र तब्बल सहा दशकांनी, 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात पुन्हा आली.

भोर 1960 मध्ये वारले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेच वर्ष.